राजदूत ३५० आणि पुढच्या ब्रेकची वंशावळ

यामाहाची आरडी ३५० जपानमधून १९७३ साली बाहेर पडली तेव्हा तिच्या पुढच्या चाकाला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक होता. दहा वर्षांनी, १९८३ मध्ये, एस्कॉर्ट्सने तीच गाडी राजदूत ३५० म्हणून भारतात आणली आणि डिस्कच्या जागी ड्रम बसवला. इंजिन तेच राहिलं: ३४७ सीसी, दोन सिलेंडर, टू-स्ट्रोक, ६ गिअर. सुरुवातीच्या गाड्या ३० अश्वशक्तीच्या, आणि शेजारून जाणारी बुलेट ३५० होती १८ची. वेग पुढच्या पिढीचा आणि ब्रेक मागच्या पिढीचा, अशी ही गाडी. आज ती बाळगणाऱ्यांपैकी पुष्कळांचा पहिला प्रश्न पुढच्या ब्रेकचाच असतो.

पुढच्या ब्रेकला मुळात कोणी मानाने वागवलंच नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने हजारोंनी वापरलेल्या ट्रायम्फ मॉडेल एचला पुढे जवळजवळ सायकलीचाच, रिमला घासणारा ब्रेक होता. भरवसा सगळा मागच्यावर. कच्च्या, चिखलाच्या रस्त्यावर पुढचं चाक अडकलं की माणूस पडतो, हा अनुभव खरा होता. पण रस्ते डांबरी झाल्यावरही भीती तशीच राहिली. आपल्याकडे गाडी शिकवताना काका-मामा अजून बजावतात, ‘पुढचा दाबू नकोस, तोंडावर पडशील.’ प्रत्यक्षात ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं, मागचं चाक हलकं होऊन घसरायला लागतं आणि थांबवण्याचं मोठं काम पुढच्या चाकाकडेच येतं. हे ज्याला शिकवलंच नाही, त्याच्या हातात पुढचा ब्रेक कितीही चांगला दिला तरी तो वापरणार नाही. कंपन्यांनाही हे सोयीचंच होतं.

ड्रम आणि डिस्क ही भावंडं एकाच वयाची. फ्रान्समध्ये लुई रेनोचा ड्रम आणि इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरची डिस्क, दोन्ही १९०२च्या. लँचेस्टरने चकतीवर दाबायला तांबं वापरलं होतं. ते किंचाळायचं आणि धुळीत झिजून जायचं. ड्रम बंदिस्त आणि स्वस्त, म्हणून पुढची पन्नास वर्षं त्याची.

ड्रमची खरी करामत शूमध्ये आहे. आत दोन अर्धगोल शू असतात. साध्या ड्रममध्ये एकच कॅम दोघांना एका टोकाने फाकवतो. फिरणारा ड्रम त्यातल्या एका शूला स्वतःकडे ओढून घेतो, दाराखाली सरकवलेली पाचर दार ढकलावं तशी आणखी घट्ट होत जाते तसं. हा लीडिंग शू. दुसऱ्याला, म्हणजे ट्रेलिंग शूला, ड्रम मागे लोटतो, त्यामुळे त्याचं काम अर्धवट. मग कोणीतरी विचार केला की दोन कॅम घालून दोन्ही शू लीडिंग करावेत. हाच ट्विन लीडिंग शू. ब्रेक प्लेटवर बाहेरून दोन आर्म आणि त्यांना जोडणारा रॉड दिसला की ओळखावं. हाताचा जोर तेवढाच, पकड कितीतरी जास्त. किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. चढावर गाडी मागे सरकू लागली की दोन्ही शू ट्रेलिंग होतात आणि ब्रेक धरत नाही. शिवाय दोन्ही कॅम एकाच क्षणी लागले नाहीत तर सगळा खटाटोप वाया. तो रॉड नीट लावणं हे धीराचं काम आहे, आणि बऱ्याच गॅरेजमध्ये त्याला हातच लावत नाहीत.

शर्यतीवाल्यांनी ड्रम आणखी ताणला. इटलीच्या फोंतानाने एका हबमध्ये चार लीडिंग शू बसवले. सुझुकीच्या जीटी ७५०ला १९७२ मध्ये तसाच दुहेरी ड्रम होता आणि पुढच्याच वर्षी दोन डिस्क आल्या. वंश तिथे संपल्यात जमा. कारण उष्णता. तापला की ड्रम फुगतो, शूपासून दूर जातो, लिव्हर मुठीला येऊन टेकतो. चकती तापून फुगली तर ती पॅडकडेच येते आणि उघड्या हवेत लवकर निवते. जॅग्वारने १९५३ ची ल मां शर्यत डिस्कवर जिंकून हे मोटारींपुरतं दाखवून दिलं होतं. दुचाकीत १९६२ ला लॅम्ब्रेटा टीव्ही १७५ स्कूटरने केबलवर चालणारी डिस्क आणली. (मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया लॅम्ब्रेटा बनवत होती, पण आपल्या वाट्याला ड्रमच आला.) मग १९६९ ची होंडा सीबी ७५०, तिची हायड्रॉलिक डिस्क, आणि त्यानंतर मोठ्या गाडीला ड्रम लावणं म्हणजे मागे राहणं झालं.

आरडीची आई म्हणजे १९७० ची यामाहा आर५. तिला पुढे ट्विन लीडिंग शूचा ड्रम होता. राजदूत ३५०ला मिळाला तो याच घराण्यातला, सात इंची. खर्च आटोक्यात राहतो, ब्रेक ऑइलची भानगड नाही. हिशेब समजण्यासारखा आहे, पण त्या इंजिनाला तो शोभला नाही. लोकांनी आरडीचा अर्थ ‘रॅपिड डेथ’ लावला आणि दोष ब्रेकला चिकटला. माझ्या मते ड्रमला जरा जास्तच शिव्या बसल्या. टू-स्ट्रोकला एक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनाचा रोध फारसा मिळत नाही; खंडाळ्याच्या उतारावर बुलेट स्वतःला आवरते तशी आरडी आवरत नाही, सगळा भार ब्रेकवर पडतो. त्यात चालवणारा मागच्या ब्रेकवर उभा. आणि पावसाळ्यात पाणी शिरलेला ड्रम पहिल्या दाबाला काहीच करत नाही, मग एकदम धरतो.

म्हणून सुधारणेची पहिली पायरी स्वस्त आहे आणि ती बहुतेक लोक गाळतात. चाकाचे स्पोक ताणले की ड्रम किंचित अंडाकृती होतो, तेव्हा चाक बांधून झाल्यावर तो लेथवर घासून घ्यायचा. लायनर नवे लावून शू त्याच ड्रमच्या मापाला बसवायचे. केबल नवी, आणि रॉड मिळवायचा. एवढ्यावर हा ब्रेक पुष्कळ सुधारतो. बुलेटवाले साधी प्लेट काढून ट्विन लीडिंग शूची प्लेट चढवतात, त्यांनाही नियम हाच.

दुसरी पायरी डिस्कची. आपल्याकडे एन्फिल्डच्या फ्युरीला ऐंशीच्या दशकात डिस्क होती, पण गाडी चालली नाही. १९९९ ची सीबीझेड आणि २००१ ची, पुण्यात जन्मलेली पल्सर यांनी डिस्क गल्लीबोळात नेली; कॅलिपर आणि मास्टर सिलेंडर कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळू लागले. तिथून जुन्या गाड्यांवर डिस्क चढवण्याचा धंदा सुरू झाला. त्यात चूक होते ती मापाची. इंग्लंडच्या नॉर्टन कमांडोला १९७२ पासून डिस्क होती आणि तरी तिचा ब्रेक कमकुवत म्हणून बदनाम झाला, कारण मास्टर सिलेंडर गरजेपेक्षा मोठा. आजही तिचे मालक त्याला आतून स्लीव्ह घालून १३ मिलिमीटरवर आणतात. डिस्क तीच, कॅलिपर तोच, आणि ब्रेक बदलून जातो. लहान पिस्टनने लिव्हर थोडा जास्त आत येतो, पण दाब वाढतो. आपल्याकडे मात्र हाताला लागेल तो मास्टर सिलेंडर बसवतात आणि लिव्हर कडक लागला की खूश होतात.

कोणी पल्सरचे शॉकअप, चाक, डिस्क असं अख्खं पुढचं अंगच चढवतात. ब्रेक उत्तम लागतो, पण शॉकअपची लांबी आणि कोन बदलल्याने वळणावरची आरडी वेगळी वागते. जपानी आरडीचाच डिस्कवाला हब आणि शॉकअप मिळवणं हा सरळ मार्ग, फक्त महाग. रोज चालवायची असेल तर मी तोच धरीन. गंमत म्हणजे आता जुन्या गाड्यांच्या बाजारात कंपनीतून आली तशी असलेल्या राजदूतला जास्त भाव येतो, आणि ज्यांनी मोठ्या हौसेने डिस्क चढवली ते आता काढून टाकलेली ड्रमची प्लेट शोधत फिरतात.