घनमुळातला पुरावा

आर्यभटाने इ.स. ४९९च्या सुमारास रचलेल्या ‘आर्यभटीया’त अंकचिन्हे नाहीत; मोठ्या संख्या अक्षरांनी सांगितल्या आहेत. मग स्थानमूल्याची पद्धत त्याच्या हाताखालची होती, असे कशावरून म्हणायचे? दहापटींच्या स्थानांची नावे तो देतो. पण नावे देणे वेगळे आणि त्या स्थानांवर गणित चालवणे वेगळे. मला खरा पुरावा दिसतो तो गणितपादातल्या घनमुळाच्या आर्येत.

एकमपासून डावीकडे घन, अघन, अघन अशी स्थाने मोजायची. १९६८३ घेऊ. ३ आणि ९ घनस्थानी आले. १९ मधून २चा घन ८ वजा केला, उरले ११. पुढचा ६ उतरवून ११६. त्यांना २च्या वर्गाच्या तिपटीने, म्हणजे १२ने भागायचे. भाग ९ वेळा जातो. पण पुढच्या वजाबाक्यांना पुरेल एवढाच, ७ वेळा, घ्यायचा. उरलेल्या ३२वर ८ उतरवून ३२८. त्यातून ३ × २ × ४९, म्हणजे २९४ वजा. उरले ३४. शेवटचा ३ उतरवून ३४३, आणि ७चा घनही तेवढाच. घनमूळ २७.

हाच २७चा घन भास्कराचार्यांनी ११५०च्या ‘लीलावती’त उदाहरणाला घेतला आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे सापडला.

रोमन अंकांत ही रीत चालवून पाहावी. उतरवायला पुढचे स्थानच सापडत नाही. या आर्येने शून्याचे चिन्ह सिद्ध होत नाही, कारण रिकामी जागा सोडूनही काम भागते. स्थानमूल्य मात्र निःसंशय सिद्ध होते.