दोन आयुर्मानांची गाठ

फोन गाडीच्या पडद्याला जोडला गेला नाही की दोष केबलवर जातो, आणि अनेकदा तो रास्तही असतो: नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये माहिती वाहणाऱ्या तारा नसतातच. पण या दुखण्याचा इतिहास पाहिला तर मूळ वेगळंच दिसतं. गाडी दहा-पंधरा वर्षं वापरली जाते, फोन तीन-चार. २००३ साली आयपॉडला आलेली ३० पिनांची जोडणी पुढे अनेक मोटारींत बसली. २०१२ च्या आयफोन ५ ने ती मोडीत काढली, आणि तिच्या जागी आलेली २०२३ च्या आयफोन १५ ने. फोन गाडीच्या पडद्यावर आणणारं, नोकियाच्या संशोधनातून निघालेलं मिररलिंक तर त्याच कामासाठी २०१४ साली जाहीर झालेल्या कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटोपुढे मागे पडलं. ते बसवलेल्या गाड्या मात्र रस्त्यावरच राहिल्या.

बिनतारी जोडणीने हा प्रश्न मिटला, असं कुणी म्हणेल. केबल गेली हे खरं, पण गुंता वाढला. ब्लूटूथवर ओळख पटते, पडद्यावरचं चित्र वाय-फायवरून येतं. एक दुवा जुळून दुसरा अडला तरी पडदा कोराच. म्हणूनच जुनी जोडणी दोन्हीकडून पुसून नव्याने करण्याचा (तोडग्यासारखा वाटणारा) उपाय अनेकदा लागू पडतो. मूळ मात्र इथेही तेच: फोनचं सॉफ्टवेअर सतत बदलतं, गाडीचं कित्येकदा कारखान्यातून निघालं तसंच असतं.