रक्ताचा प्रवास : काचेच्या बाटलीपासून ड्रोनपर्यंत

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल की इतिहासाच्या व्याख्यानमालेत ड्रोन कुठून आला? दहा वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणजे काय इतिहास? पण रवांडात २०१६ साली जे झालं, ते समजून घ्यायचं तर शंभर वर्षं मागे जावं लागतं.

साधा प्रश्न घेऊ. रक्तदान झाल्यापासून ते रुग्णाच्या शिरेत जाईपर्यंत रक्त कुठे थांबतं? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर होतं, कुठेच नाही. कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगट शोधले ते १९०० च्या सुमारास, पण तरीही रक्तदात्याला रुग्णाच्या शेजारी झोपवावं लागे, कारण बाहेर आलेलं रक्त काही मिनिटांत गोठायचं. १९१४ साली सोडियम सायट्रेट मिसळलं की रक्त गोठत नाही, हे प्रत्यक्ष रुग्णांवर सिद्ध झालं. बघा, इथे पहिल्यांदा दाता आणि रुग्ण यांची ताटातूट शक्य झाली.

त्याचा फायदा आधी युद्धाने उचलला. १९१७ मध्ये ऑस्वाल्ड रॉबर्टसन या अमेरिकन डॉक्टरने पश्चिम आघाडीवर रक्ताच्या बाटल्या बर्फात ठेवून साठा केला. १९३६ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात बार्सिलोनाहून फ्रेदेरिक दुरान जोर्दा आणि माद्रिदहून नॉर्मन बेथ्यून यांनी रक्त गाडीत घालून आघाडीवर नेलं. हे बेथ्यून म्हणजे तेच, ज्यांच्या नावाच्या चीनमधल्या रुग्णालयाचे प्रमुख पुढे आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस झाले. आणि १९३७ साली शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात बर्नार्ड फँटस यांनी या साठ्याला नाव दिलं 'ब्लड बँक'. ठेव ठेवायची, गरजेला काढायची.

पण बँक आली की शाखेचा प्रश्न येतो. रक्त नाशवंत आहे. तांबड्या पेशी २ ते ६ अंश तापमानात ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट्सना थंडी चालत नाही, त्या २० ते २४ अंशांत सतत हलवत ठेवायच्या, आणि तरी साधारण पाचच दिवस. प्लाझ्मा गोठवून ठेवावा लागतो. आता डोंगरातल्या एखाद्या लहान रुग्णालयाचा विचार करा. सगळ्या गटांचं रक्त ठेवलं तर बरंचसं मुदत संपून फेकावं लागतं. नाही ठेवलं, तर बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झालेल्या बाईला ऐन वेळी द्यायला काही नसतं. म्हणजे नासाडी आणि टंचाई एकाच कपाटात. ही अडचण कोणाच्या निष्काळजीपणाची नाही, ती त्या व्यवस्थेच्या रचनेतच आहे.

आता रवांडाकडे येऊ. देश लहान, आपल्या जुन्या नगर जिल्ह्याच्या साधारण दीडपट. पण 'हजार टेकड्यांचा देश' म्हणतात त्याला. नकाशावर जवळ दिसणारं गाव वळणावळणाच्या रस्त्याने दूर पडतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये सरकारने झिपलाइन या अमेरिकन कंपनीबरोबर मुहांगा इथून ड्रोनसेवा सुरू केली. हा आपल्या लग्नात फोटो काढणारा चार पंख्यांचा ड्रोन नव्हे बरं का. हे छोटं विमानच असतं. गोफणीतून दगड सुटावा तसं ते यंत्राने आकाशात सोडतात. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेग. रुग्णालयावर आलं की खाली येतं, कागदी पॅराशूट बांधलेलं खोकं टाकतं आणि न उतरताच परत फिरतं. त्यामुळे रुग्णालयाला ना धावपट्टी लागते, ना वैमानिक. डिसेंबर २०१८ मध्ये पूर्वेला कायोन्झा इथे दुसरं केंद्र आलं.

उपयोग काय झाला? २०२२ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये अभ्यास आला. मार्च २०१७ ते डिसेंबर २०१९ या काळातल्या वीस आरोग्य केंद्रांच्या १२,७३३ मागण्या त्यात तपासल्या होत्या. ड्रोनला सरासरी जवळपास ५० मिनिटं लागली. रस्त्याच्या अंदाजित वेळेपेक्षा हे ७९ मिनिटांनी कमी होतं. बातम्यांनी हाच आकडा उचलला. मला दुसरा आकडा जास्त मोलाचा वाटतो. मुदत संपून वाया जाणाऱ्या रक्ताचं प्रमाण बारा महिन्यांत ६७ टक्क्यांनी घटलं.

का मोलाचा? कारण इथे आपल्या मूळ प्रश्नाचं उत्तर बदलतं. रक्त आता गावोगावच्या कपाटात थांबत नाही, मध्यवर्ती केंद्रात थांबतं. दुर्मीळ गटाची एक पिशवी एकाच रुग्णालयात अडकून पडत नाही, ज्याला लागेल त्याच्याकडे जाते. ड्रोनमुळे वेळ वाचला हे खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे साठ्याची जागा बदलली.

यावर आक्षेपही आहे, आणि तो रास्त आहे. गरीब देशाने आधी रस्ते करावेत की विमानं उडवावीत? रस्त्यावरून रुग्णही जातो, भाजीही जाते, मुलं शाळेत जातात. ड्रोन एवढं सगळं करत नाही. त्याची झेप दीड-दोन किलोच्या आत. म्हणून ड्रोन हा रस्त्याला पर्याय मानला तर फसगत होईल. रस्ता होईपर्यंत बाळंतिणीने थांबायचं का, एवढ्याच प्रश्नाचं तो उत्तर आहे.

आपल्याकडेही प्रयोग झालेत. डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावी ड्रोनने लशी गेल्या. मे २०२३ मध्ये दिल्ली परिसरात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने रक्ताच्या पिशव्या उडवून चाचणी घेतली. पण चाचणी वेगळी आणि रोजची सेवा वेगळी. रवांडात साठ्याचा हिशोब ठेवणारी एक राष्ट्रीय रक्तसेवा होती आणि आकाश मोकळं करून देणारं सरकार होतं. यंत्र त्यानंतर आलं.

आणि शेवटी एक गोष्ट लँडस्टायनरपासून आजवर बदललेली नाही. रक्त कारखान्यात तयार होत नाही. बर्फाची पेटी असो, गाडी असो की ड्रोन, त्यात ठेवायची पिशवी कोणीतरी बाही वर करून भरावी लागते. सगळ्या प्रवासाची सुरुवात अजून तिथूनच होते.