शाळा तपासणारे साहेब आणि त्यांचे वरचे साहेब



बिडी कामगारांत ज्यांचा वावर आहे त्यांना छाट म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. इतरांसाठी सांगतो. बाई घरी हजार बिड्या वळते आणि कारखान्यात नेऊन देते. तेथे चेकर बसलेला असतो. तो बिड्या हाताळतो, काही बाजूला टाकतो आणि म्हणतो, एवढ्या छाट. छाटेची मजुरी मिळत नाही. चेकर माणूस वाईट असतोच असे नाही. पण त्याला बिडी कशी वळली हे पाहायला बसवले आहे की मजुरी किती वाचली हे पाहायला, यावर सगळे ठरते. माझी उमेदीची वर्षे या छाटेच्या भांडणात गेली. त्यामुळे इंग्लंडातील शाळातपासणीचा इतिहास वाचू लागलो तेव्हा तो मला परका वाटला नाही.

इंग्लंडात सरकारने गरिबांच्या शाळांना पहिले अनुदान 1833 साली दिले, 20 हजार पौंड. 1839 मध्ये शिक्षणासाठी एक सरकारी समिती झाली आणि तिचे पहिले सचिव के-शटलवर्थ यांनी निरीक्षक नेमण्यास सुरुवात केली. या निरीक्षकांना ज्या सूचना दिल्या त्या वाचण्यासारख्या आहेत. तुम्ही हुकूम चालवायला जात नाही, मदत करायला जाता, असा त्यांचा रोख होता. निरीक्षक बहुधा ऑक्सफर्ड-केंब्रिजचे पदवीधर, पुष्कळसे पाद्री. गरिबाच्या मुलाशी त्यांचा संबंध काय, हा प्रश्न रास्तच आहे. तरीही जे दिसले ते लिहावे, एवढी मुभा त्यांना होती.

मग खर्च वाढला. 1861 सालापर्यंत अनुदान सुमारे 8 लाख 13 हजार पौंडांवर गेले. क्रिमियाच्या लढाईने तिजोरी आधीच हलकी झालेली. त्या वेळी शिक्षणखात्याची सूत्रे दोन माणसांच्या हाती होती. रॉबर्ट लो हे पार्लमेंटात खात्याची बाजू मांडणारे मंत्री, आणि राल्फ लिंगेन हे कायमचे सचिव. दोघेही हुशार, कष्टाळू, आणि हिशेबाबाहेरच्या कोणत्याही गोष्टीकडे संशयाने पाहणारे. त्यांनी आणलेली सुधारणा म्हणजे 1862 ची नवी नियमावली. लो यांनी सभागृहात सांगितले, पद्धत स्वस्त पडली नाही तर निदान कार्यक्षम होईल, आणि कार्यक्षम झाली नाही तर निदान स्वस्त पडेल. कारखानदाराला हे वाक्य समजावून द्यावे लागले नसते.

नियमावली अशी. सरासरी हजेरीवर दर मुलामागे 4 शिलिंग. त्याखेरीज दोनशेंहून अधिक हजेऱ्या भरलेल्या मुलाची निरीक्षक स्वतः परीक्षा घेणार. वाचन, लेखन, गणित या तीन विषयांचे मिळून 8 शिलिंग. एका विषयात मूल नापास झाले की 2 शिलिंग 8 पेन्स कापले. म्हणजे छाट! आणखी एक गोष्ट याच नियमावलीने केली, आणि तिच्याकडे इतिहासकारांपेक्षा संघटनेच्या माणसाचे लक्ष आधी जाते. पूर्वी प्रमाणपत्रधारक शिक्षकाला सरकारकडून थेट काही रक्कम मिळे. ती बंद झाली. सगळा पैसा शाळेच्या चालकांच्या हाती गेला आणि शिक्षकाने आपला पगार चालकाशी घासाघीस करून ठरवावा असे झाले. साहजिकच पुष्कळ ठिकाणी पगाराची सांगड अनुदानाशी घातली गेली. मूल अडखळले की मास्तरांची चूल अडखळे. 1865 पर्यंत अनुदान सुमारे 6 लाख 37 हजार पौंडांवर उतरले. लो यांच्या वाक्याचा उत्तरार्ध तरी खरा ठरला.

आता निरीक्षकाचे काय झाले ते पाहा. पूर्वी तो वर्गात फिरे, मुलांशी बोले. आता दिवसभर एकेका मुलाला पुढे बोलावून खुणा करीत बसणे हेच त्याचे काम झाले. मॅथ्यू आर्नल्ड हे नाव इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना कवी आणि टीकाकार म्हणून ठाऊक असते. पण पोटासाठी हा माणूस 1851 पासून 1886 पर्यंत शाळा तपासत होता. नियमावलीचा वाद ऐन भरात असताना, मार्च 1862 मध्ये, त्यांनी आपल्याच खात्याच्या धोरणावर एका मासिकात निनावी लेख लिहून घणाघाती टीका केली. लेखक कोण हे लपले नाही. नोकरी मात्र टिकली. पुढे आपल्या अधिकृत अहवालांतही ते तेच सांगत राहिले: शाळांतील बुद्धीची जाग कमी झाली आहे, आणि युक्तीने तयारी करून घेतली तर वाचन, लेखन, गणित खरोखर न येणारे मूलही परीक्षेत पार पडू शकते.

असे अहवाल वरच्या साहेबांना कसे रुचावेत? खात्याचा नियमच असा झाला की निरीक्षकाने शाळेची स्थिती सांगावी, धोरणावर मत देऊ नये. आक्षेपार्ह वाटलेला अहवाल त्याच्याकडे परत जाई, आणि त्याने तो बदलला नाही तर छापला जात नसे. हे प्रकरण 1864 साली पार्लमेंटात फुटले. ज्या अहवालांवर समासात खुणा करून ते परत धाडले होते, त्यांच्या प्रती सभासदांच्या हाती पडल्या. लो म्हणाले, अशा खुणा होतात हे मला माहीतच नव्हते. त्यांची दृष्टी फार अधू होती, कागद ते दुसऱ्याकडून वाचवून घेत. 12 एप्रिलला 101 विरुद्ध 93 मतांनी त्यांच्या खात्याविरुद्ध ठराव झाला आणि त्यांनी राजीनामा दिला. पुढे चौकशी समितीने त्यांना दोषमुक्त केले, ठरावही मागे घेतला गेला. एक मंत्री गेला; पद्धत मात्र जागची हलली नाही. हेच लो पुढे अर्थमंत्री झाले, 1871 मध्ये त्यांनी काड्यापेटीवर कर सुचवला, आणि लंडनच्या काड्यापेटी कामगारांनी पार्लमेंटवर मोर्चा नेऊन तो मागे घ्यायला लावला. हे विषयाला सोडून आहे, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

निकालावर अनुदान ही कल्पना समुद्र ओलांडून मुंबई इलाख्यातही आली. 1854 च्या खलित्यानंतर येथे शिक्षणखाते निघाले, त्यात इन्स्पेक्टर आणि त्यांच्या हाताखाली डेप्युटी, आपल्या खेड्यांतला 'दिपोटी'. 1882 मध्ये हंटर कमिशनपुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. त्यात ते तपासणी नको म्हणत नाहीत, उलट अधिक मागतात. डेप्युटीची वर्षातून एक फेरी निरुपयोगी आहे. निदान तीन महिन्यांनी एकदा तपासणी व्हावी, अधूनमधून न कळवता व्हावी. शिक्षकाचा पगार 12 रुपयांहून कमी नसावा. आणि जास्त मुले पास करणाऱ्या खेड्यातील शिक्षकाला उत्तेजन म्हणून काही द्यावे, पण पगाराखेरीज. हा 'खेरीज' शब्द मला मोलाचा वाटतो. पगार पक्का, बक्षीस वर. लो यांनी नेमके उलट केले होते.

इंग्लंडातील प्राथमिक शिक्षकांनी 1870 मध्ये आपला राष्ट्रीय संघ स्थापला. निकालावरचे अनुदान रद्द करा ही त्यांची मुख्य मागणी, आणि निरीक्षकाची जागा आमच्यातल्या माणसालाही मिळावी ही दुसरी. पहिलीला वीस वर्षे लागली. 1890 पासून पद्धत सैल झाली आणि 1897 पर्यंत संपली. दुसरीचे दुखणे खोल होते. 1910 मध्ये मुख्य निरीक्षक एडमंड होम्स यांनी एक गोपनीय टिपण लिहिले आणि खात्याचे सचिव रॉबर्ट मोरांट यांनी ते चालू दिले. स्थानिक संस्थांच्या 123 निरीक्षकांपैकी 104 पूर्वीचे प्राथमिक शिक्षक आहेत, त्यांची दृष्टी आकुंचित असते, तेव्हा ऑक्सफर्ड-केंब्रिजचे लोक बरे, असा त्याचा आशय. 1911 मध्ये ते पार्लमेंटात वाचले गेले. शिक्षकांच्या संघाने रान उठवले. वर्ष संपण्यापूर्वी शिक्षणमंत्री रन्सिमन शेतीखात्यात गेले आणि मोरांट विमा खात्यात.

होम्स त्याआधीच निवृत्त झाले होते. त्याच 1911 मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. लो यांच्या नियमावलीने शाळेचे कसे यंत्र केले याचे त्याहून कडक वर्णन क्वचितच कोणी केले असेल. आणि ते करणारा माणूस 1875 पासून त्या यंत्राचा एक दात होता. आदर्श म्हणून त्यांनी ससेक्समधील सॉम्प्टिंग या खेड्यातली एक शाळा निवडली, जिथे मुले नाटके रचून इतिहास शिकत. तिच्या मुख्याध्यापिका हॅरिएट फिन्ले-जॉन्सन यांचे खरे नाव न देता एका देवतेचे नाव त्यांना दिले. ज्यांची दृष्टी आकुंचित असते असे टिपणात लिहिले होते, त्याच प्राथमिक शिक्षकांच्या वर्गातल्या या बाई. पुस्तक छापून आले तेव्हा लग्न होऊन त्या शाळेतून बाहेर पडल्या होत्या.