कूपनची गोष्ट : कात्रीपासून कोडपर्यंत

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक झाली. वहीचं काम आटोपलं, चहा आला, आणि एका काकूंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यांना घरी मिक्सर मागवायचा होता. पैसे भरायच्या आधी पडद्यावर एक रिकामी चौकट आली होती, 'कूपन कोड टाका'. काकू म्हणाल्या, "आता हे कुठनं आणू? रेशनच्या कुपनाचा नंबर टाकू का?" सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. पण घरी जाताना वाटलं, काकूंचा प्रश्न अगदी बरोबर होता. ज्या माणसाला कुणी कधी सांगितलंच नाही, त्यानं ती चौकट कशी भरायची?

पुढची हकीगत ऐका. काकूंच्या सुनेनं तासभर बसून इकडून तिकडून दहा-बारा कोड शोधले. एकही चालला नाही. तेवढ्यात मोबाइलवर कुणाचा तरी निरोप आला, ९९ रुपये भरा, ५०० रुपये सूट मिळणारा कोड देतो. पैसे भरले. कोड आलाच नाही. आणि दुसऱ्या दिवशी कळलं की दीडशे रुपये सूट देणारा खरा कोड मिक्सर बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, पहिल्याच पानावर वरच्या पट्टीत लिहिलेला होता. फुकट.

तर आज या कूपनचीच गोष्ट. ते कुणी काढलं, कशासाठी काढलं, आणि त्याचे पैसे कोण भरतं, हे कळलं की कोड कुठे शोधायचा तेही आपोआप कळतं.

शब्द मूळचा फ्रेंच. त्या भाषेत 'कूपे' म्हणजे कापणे. पूर्वी युरोपात कर्जरोखे निघायचे, त्यांच्या कडेला छोट्या छोट्या चिठ्ठ्या छापलेल्या असत. व्याजाची तारीख आली की रोखा बाळगणारा माणूस एक चिठ्ठी कापायचा आणि ती देऊन व्याज घ्यायचा. म्हणजे कूपन आधी पैसेवाल्याच्या तिजोरीत होतं. आपल्यासारख्यांच्या स्वयंपाकघरात ते नंतर आलं.

ते आलं अमेरिकेतून, आणि एका पेयामुळे. १८८६ साली अटलांटा शहरात जॉन पेम्बर्टन नावाच्या औषधं बनवणाऱ्या माणसानं कोका-कोला तयार केलं. औषधाच्या दुकानात ते ५ सेंटला एक पेला असं मिळायचं. पुढे हा धंदा एसा कँडलर या व्यापाऱ्याच्या हातात आला. कँडलरपुढे अडचण होती. माल चांगला आहे हे त्याला माहीत होतं, लोकांना माहीत नव्हतं. त्यानं चिठ्ठ्या छापल्या. ही चिठ्ठी दुकानात द्या आणि एक पेला फुकट प्या. चिठ्ठ्या टपालानं घरोघर गेल्या, मासिकांतून छापल्या गेल्या, विक्रेत्यांनी हातोहात वाटल्या. १८९४ ते १९१३ या काळात असे सुमारे ८५ लाख पेले फुकट दिले गेले, असा अंदाज सांगतात. १८९५ मध्ये कँडलरनं भागधारकांना सांगितलं की आता अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात आपलं पेय मिळतं.

पण खरी हुशारी पुढे आहे. दुकानदार फुकट पेला का देईल? त्याचं नुकसान होईल ना? म्हणून कंपनी दुकानदाराला त्या पेल्यांपुरता अर्क फुकट द्यायची. गिऱ्हाईक खूश, दुकानदाराचा तोटा नाही, खर्च सगळा बनवणाऱ्याचा. उत्पादकाचं कूपन म्हणतात ते हेच. दुकानाचं कूपन वेगळं, त्यात दुकानदार आपल्या नफ्यातून सूट देतो. उत्पादकाच्या कूपनात दुकानदार नुसता मधला हात असतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग चार्ल्स विल्यम पोस्ट नावाचा मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक गावचा कारखानदार आला. तो सकाळच्या न्याहारीची तयार धान्यं विकायचा, 'ग्रेप-नट्स' नावानं. नावात द्राक्षं आणि शेंगदाणे, डब्यात दोन्ही नाहीत, गहू आणि बार्ली! त्यानं १ सेंटची सूट कूपनवर दिली. किराणा मालावरच्या कूपनची सुरुवात बहुतेकजण त्याच्यापासून धरतात.

आता तुम्ही म्हणाल, १ सेंट कमीच करायचा होता तर सरळ किंमतच कमी करायची. कात्रीचा उद्योग कशाला? मलाही आधी असंच वाटलं होतं. याची दोन कारणं आहेत, आणि कूपनची सगळी मेख त्यातच आहे.

एक तर, कंपनीनं घाऊक भाव कमी केला तर तो फायदा गिऱ्हाइकापर्यंत पोचेलच असं नाही. मधला व्यापारी तो खिशात घालू शकतो. कूपन मात्र थेट बाईच्या हातात जातं. दुसरं कारण जास्त बारीक आहे. किंमत कमी केली तर ती सगळ्यांसाठी कमी होते. ज्याला जास्त पैसे द्यायला काही वाटत नाही, त्याच्यासाठीही. कूपनची सूट मात्र त्यालाच मिळते जो ते शोधतो, कापतो, जपून ठेवतो, बाजाराच्या दिवशी आठवणीनं नेतो आणि तारीख उलटायच्या आत देतो. म्हणजे एकाच डब्याच्या दोन किमती झाल्या. श्रीमंत बाई कापत बसत नाही, ती पूर्ण किंमत देते. काटकसर करणारी बाई कापते, तिला कमी पडते. कंपनीला दोघी गिऱ्हाइकं मिळतात.

ऐकायला बरं वाटतं. पण जरा थांबून विचार करा. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबून येणारी, वाचता न येणारी, वर्तमानपत्र विकत न घेणारी बाई कुठे गेली? ती सगळ्यांत गरीब, आणि तीच पूर्ण किंमत देते. कूपन गरिबाला सूट देत नाही, ज्याच्याजवळ वेळ, अक्षर आणि कागद आहे त्याला देतं. हे मी पुन्हा सांगणार आहे, कारण कोडच्या बाबतीतही हेच आहे.

१९२९ नंतर अमेरिकेत मोठी मंदी आली. कारखाने बंद पडले, नोकऱ्या गेल्या. त्या वर्षांत कूपन कापणं हे घरच्या बाईचं नेहमीचं काम झालं. पुढे मोठमोठी दुकानं आली आणि कूपनचा पूर आला. मोजायचं कुणी? १९५७ मध्ये नील्सन कंपनीनं फक्त कूपन मोजून, लावून, हिशेब करण्याचा वेगळा व्यवसायच उभा केला. दुकानं कूपन गोळा करून पाठवायची, तिथे ती कंपनीवार वेगळी व्हायची, आणि कंपनी दुकानाला छापील रक्कम व वर हाताळणीचे काही सेंट द्यायची. नंतर मजुरी कमी पडते म्हणून खोकीच्या खोकी सीमेपलीकडे मेक्सिकोत, हुआरेझसारख्या शहरांत जाऊ लागली. तिथल्या कारखान्यांत कामाला बायकाच पुष्कळ. अमेरिकेतल्या एका बाईनं कापलेला कागद मेक्सिकोतल्या दुसऱ्या बाईनं हातानं निवडायचा. आपण मटकी निवडतो तसा.

जाता जाता एक गंमत. अमेरिकेतल्या कित्येक कूपनांवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, 'रोख किंमत १ सेंटचा शंभरावा भाग'. काही राज्यांच्या जुन्या कायद्यांमुळे कूपनची रोख किंमत छापावी लागते, म्हणून ही एवढीशी किंमत. शंभर कूपनं गोळा केली तर एक सेंट!

१९७४ मध्ये ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावात एका दुकानात पहिल्यांदा वस्तूवरच्या काळ्या रेघा यंत्रानं वाचल्या गेल्या. वस्तू होती च्युइंगमची पाकिटं. पुढे कूपनवरही रेघा आल्या आणि हिशेब यंत्राकडे गेला. यंत्र आलं तशी नवी चोरीही आली. २०१२ मध्ये ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात पोलिसांनी बनावट कूपन विकणाऱ्या तीन बायकांना पकडलं. जप्त केलेल्या खोट्या कूपनांची किंमत ४ कोटी डॉलर सांगितली गेली. खोटी कूपनं विकत घेणारे लोकही होते, कारण थोडे पैसे देऊन जास्त सूट मिळते असं वाटलं की माणूस भुलतो. आमच्या काकूंची सून काही जगावेगळी नाही.

आपल्याकडे ही कात्री फारशी आली नाही. माझ्या मते याला दोन कारणं. आपली खरेदी वाडीतल्या लहान किराणा दुकानात. तो दुकानदार कूपन गोळा करून कुठे पाठवणार आणि पैसे कधी येणार? दुसरं म्हणजे, १९९० पासून पाकिटावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणं सक्तीचं झालं. त्यामुळे कंपनी पाकिटावरच 'दहा रुपये कमी' असं छापू शकते आणि ते गिऱ्हाईक स्वतः वाचू शकतं. म्हणून आपल्याकडे पावडरीबरोबर बादली, चहाबरोबर चमचा अशा योजना जास्त रुळल्या.

तरी एक अस्सल देशी कूपन आपल्याकडे होऊन गेलं. तमिळनाडूत १९८३ मध्ये सुरू झालेल्या चिक शाम्पूनं योजना काढली. कुठल्याही कंपनीच्या शाम्पूच्या पाच रिकाम्या पुड्या आणा आणि चिकची एक पुडी फुकट न्या. पुढे फक्त चिकच्याच रिकाम्या पुड्या चालतील असं केलं. यात वाचता यायची गरज नाही, कात्री नको, वर्तमानपत्र नको. न्हाणीघरातला कचरा हेच कूपन. मला ही कल्पना पोस्टसाहेबांच्या सेंटपेक्षा सरस वाटते.

आता कोड. कोड म्हणजे कागद नसलेलं कूपन, चार-सहा अक्षरं आणि आकडे. कात्रीची जागा बोटानं घेतली. पण शोधायचा वेळ अजून आपलाच जातो, आणि आता वर आणखी काही जातं. २०१९ मध्ये पेपाल या कंपनीनं 'हनी' नावाची सेवा विकत घ्यायचं ठरवलं. हनी काय करायची? खरेदी करताना आपोआप कोड शोधून द्यायची, फुकट. तिची किंमत ठरली सुमारे ४ अब्ज डॉलर. फुकट काम करणाऱ्याला एवढी किंमत का? कारण दुकानांकडून मिळणारी दलाली, आणि कोण काय घेतं, कधी घेतं याची माहिती. कँडलरला एवढंच कळायचं की चिठ्ठ्या किती परत आल्या. आजच्या कोडला आपला नंबर, आपलं गाव, मागच्या दिवाळीला काय घेतलं, सगळं कळतं.

तेव्हा उत्पादकाचा कोड शोधायचा तर जो खर्च करतो त्याच्या दारात शोधा. बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं संकेतस्थळ, आधी घेतलेल्या वस्तूच्या खोक्यातलं कार्ड, पाकिटाची आतली बाजू, झाकणाखालची चिठ्ठी. मोठ्या ऑनलाइन दुकानात वस्तूच्या किमतीखालीच कधीकधी 'कूपन लागू करा' असा छोटा चौकोन असतो, त्यावर नुसती खूण करायची असते आणि आपण खाली सरकून जातो. कोडची तारीख आणि 'किमान इतक्या रुपयांची खरेदी' ही ओळ वाचा. ३०० चं सामान हवं असताना ५० वाचवायला ५९९ चं घेतलं, तर कंपनीचं काम झालं. फुली मारलेल्या जुन्या किमतीवर जाऊ नका, तीच वस्तू तालुक्याच्या दुकानात कितीला आहे ते विचारा. आणि कंपनीच्या कोडसाठी कुणाला पैसे द्यायचे नसतात, ओटीपी तर नाहीच नाही. घरी टपालानं 'स्क्रॅच कार्ड' येतं, गाडी लागली म्हणतं आणि कराचे पैसे आधी भरायला सांगतं, तेही खोटंच. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा. वस्तूची किंवा योजनेची तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. बक्षीस 'फुकट' म्हणायचं आणि त्याची किंमत मालातच लावायची, ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे.

आता आमच्या गटाचं सांगते. हे सगळं वाचल्यावर आम्ही आमच्या शेंगदाणा चटणीच्या पाकिटात एक गुलाबी चिठ्ठी टाकली, पुढच्या पाकिटावर ५ रुपये सूट. कोड नाही, मोबाइल नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना रंग तर दिसतो. पहिल्या आठवड्यात एकही चिठ्ठी परत आली नाही. चौकशी केली तर दुकानदारदादा म्हणाले, "ताई, पाच रुपये मी का सोडू?" बरोबरच होतं त्यांचं. कँडलरचा अर्क आम्ही विसरलो होतो. मग ठरवलं, चिठ्ठीमागे ५ रुपये रोख, आणि दर वीस चिठ्ठ्यांना एक पाकीट त्यांना फुकट. साठ चिठ्ठ्या घातल्या होत्या. महिनाअखेर दादांनी बरणी उपडी केली, त्यात बावीस निघाल्या. आम्ही ११० रुपये आणि एक पाकीट दिलं आणि वहीत 'कूपन खर्च' असं नवं खातं काढलं.