पहिला श्वास आणि दोषाचा न्याय
जन्मलेले मूल रडले नाही, की घरच्यांच्या तोंडचे पाणी पळते. पुढे त्याच्या हातापायांत व्यंग दिसले, म्हणजे कोणी सुइणीला बोल लावतो, कोणी मातेच्या नशिबाला, तर कोणी सटवाईच्या लेखाला. आम्ही पेशाने वकील. आरोप करणाऱ्याने कार्यकारणसंबंध दाखवावा, असा आमच्या शास्त्राचा दंडक आहे. त्या कसोटीवर या प्रश्नाचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

लंडनचे शस्त्रवैद्य विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ साली तेथील प्रसूतिवैद्यांच्या सभेपुढे एक निबंध वाचला. अवघड बाळंतपण, अकाली जन्म आणि जन्मतः गुदमरणे यांमुळे मेंदूला इजा होऊन मुलाचे अवयव ताठरतात, असे त्यांनी प्रतिपादिले. पुढे मनोविश्लेषणामुळे विख्यात झालेले व्हिएन्नाचे सिग्मंड फ्रॉईड यांनी १८९७ साली उलट शंका घेतली. अवघड प्रसूती हे काही वेळा मूळ कारण नसून गर्भातच बिघडलेल्या वाढीचे लक्षण असावे, असे त्यांचे म्हणणे.

न्यूयॉर्कच्या भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया ॲपगार यांनी १९५३ साली हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा जोम, चेतनेला मिळणारा प्रतिसाद आणि वर्ण या पाच लक्षणांना शून्य ते दोन गुण देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मुलाला तत्काळ साहाय्य हवे की नाही, हे तिने जन्मानंतर मिनिटभरात कळू लागले. परंतु दोषाचे मूळ कोठे, हे केवळ त्या गुणांवरून ठरत नाही.

पश्चिम ऑस्ट्रेलियात १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने फ्रॉईडच्या शंकेला मोठे बळ दिले. दिवस भरून जन्मलेल्या, पण मेंदूचे कार्य बिघडलेल्या अर्भकांपैकी ६९ टक्के अर्भकांत जोखमीची कारणे केवळ प्रसववेदनांपूर्वीचीच आढळली. मातेचा गर्भारपणात वाढलेला रक्तदाब, थायरॉइडचा विकार, गर्भाची खुंटलेली वाढ, दिवस उलटून जाणे ही त्यांतील काही होत. केवळ प्रसूतीच्या वेळची कारणे ५ टक्क्यांतच दिसली. तथापि लिटल सर्वस्वी चुकले, असे नव्हे. नाळ मुलाच्या आधी बाहेर येणे, वार अकाली सुटणे, गर्भाशय फाटणे ही संकटे खरी आहेत, आणि त्या वेळी एकेक मिनिट मोलाचे असते.

म्हणून पुराव्यावाचून सुइणीस वा डॉक्टरास दोषी धरणे जसे अन्यायाचे, तसेच निष्काळजीपणावर दैवाचे पांघरूण घालणेही अन्यायाचेच. मातेला तर या खटल्यात आरोपी करण्याचे कारणच नाही. गर्भारपणात तिचा रक्तदाब वेळोवेळी पाहणे, दिवसांची नीट मोजदाद ठेवणे आणि अडचण आल्यास कोणत्या इस्पितळात न्यावयाचे ते आधीच ठरविणे, हे घरातील सर्वांचे कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते.