शीळफाट्याच्या तीन वाटा : विद्या, दान आणि उद्योग

शीळफाटा हे नाव ठाणे, डोंबिवली व कल्याण येथे राहणाऱ्या आपल्या समाजबांधवांस नित्य परिचयाचे आहे. मुंब्र्याहून पनवेलमार्गे पुण्याकडे जाणारा जुना हमरस्ता, कल्याण-डोंबिवलीचा रस्ता आणि महापे येथे उतरणारा रस्ता या ठिकाणी मिळतात. येथे वाहनांच्या रांगेत तिष्ठत राहिल्यावाचून आपल्यापैकी अनेकांचा दिवस पुरा होत नाही. परंतु या तिन्ही वाटांवर विद्या, दान आणि उद्योग यांच्या संगमाचा एकेक अध्याय घडलेला आहे. त्याचे स्मरण करणे आजच्या प्रसंगी उचित होईल.

पहिली वाट पुण्याची. या मार्गावर पुण्याच्या अलीकडे तळेगाव दाभाडे लागते. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एक पैसा मागून निधी उभारण्याची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तीस पाठबळ दिले, आणि त्या पैसा फंडातून 1908 साली तळेगावी काचेचा कारखाना निघाला. हा कारखाना शाळाही होता. तेथे काचकाम शिकलेल्या मंडळींनी पुढे अन्यत्र जाऊन या धंद्याचा प्रसार केला. दाता लक्षाधीशच असला पाहिजे असे नाही, हे येथे प्रथम सिद्ध झाले.

दुसरी वाट डोंबिवलीची. मुंबई विद्यापीठाने 1933 साली रासायनिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग सुरू केला. पुढे तो माटुंग्यास स्थिरावला आणि 2008 साली त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. या विभागाने देशास नोकरदार रसायनज्ञ तर दिलेच, पण कारखानदारही दिले. डॉ. केकी घरडा हे तेथीलच विद्यार्थी. अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन ते परतले व त्यांनी घरडा केमिकल्स ही कंपनी उभी केली. तिचा कारखाना डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत आहे. 2016 साली त्यांस पद्मश्री मिळाली, आणि 2024 साली ते निवर्तले. त्यांच्या प्रतिष्ठानाने रत्नागिरी जिल्ह्यात खेड तालुक्यातील लवेल येथे अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. विद्येतून उद्योग, उद्योगातून दान आणि दानातून पुन्हा विद्या, असे हे चक्र आहे.

तिसरी वाट महापे येथील, आणि तीच आजच्या काळास सर्वांत जवळची. पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था 1958 साली स्थापन झाली. तिचेच माजी विद्यार्थी कंवल रेखी यांच्या देणगीतून तेथे माहिती तंत्रज्ञानाचे विद्यालय उभे राहिले, आणि त्याच्या आश्रयाने विद्यार्थ्यांच्या नवीन धंद्यांस जागा देण्याचा प्रयोग झाला. 2004 साली त्यातूनच 'साइन' ही स्वतंत्र संस्था निघाली. तिची रीत साधी आहे. होतकरू मंडळींस काही काळ खोली द्यावी, प्रयोगशाळेची दारे उघडावीत, अनुभवी माणसाचा सल्ला व थोडे बीजभांडवल द्यावे, आणि मोबदल्यात कंपनीचा लहानसा हिस्सा घ्यावा, म्हणजे एकाच्या यशातून दुसऱ्याची सोय होते. पुढे 2014 साली भारत देसाई व नीरजा सेठी या दांपत्याच्या देणगीतून उद्योजकतेच्या शिक्षणाचे केंद्रही निघाले. 2023 साली नंदन निलेकणी यांनी संस्थेस 315 कोटी रुपये दिले. त्यांची पूर्वीची देणगी 85 कोटींची होती. या दानाच्या उद्दिष्टांत विद्यार्थ्यांच्या नव्या उद्योगांचे संवर्धन हेही एक आहे.

'साइन'च्या आश्रयास राहिलेल्या कंपन्यांपैकी एक म्हणजे आयडियाफोर्ज. पवईच्या काही माजी विद्यार्थ्यांनी 2007 साली ती स्थापिली. वैमानिकाविना उडणारी लहान विमाने, म्हणजे ड्रोन, ही मंडळी बनवीत. त्यांचे एक यंत्र 2009 सालच्या 'थ्री इडियट्स' या चित्रपटात झळकले, तर 2013 सालच्या उत्तराखंडातील महापुरात त्यांची यंत्रे शोधकार्यास उपयोगी पडली. आज कंपनीचे ठाणे महापे येथे, शीळफाट्यापासून जवळच आहे. 2023 साली तिचे भाग 672 रुपयांस विकले गेले, आणि बाजारात प्रथम दिवशीच त्यांचा भाव जवळपास दुप्पट झाला. पुढे मात्र तो मूळ किमतीच्याही खाली उतरला. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. उद्योगाची वाट चढउतारांची आहे, आणि पाठीराख्यांच्या धीराची कसोटी उतारावरच लागते.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या समाजातील पूर्वसूरींनी वसतिगृहे व शिष्यवृत्त्या यांस उदार हस्ते साहाय्य केले. त्या बळावर घरोघरी पदवीधर झाले, नोकऱ्या मिळाल्या, स्थैर्य आले. हे ऋण थोर आहे. परंतु आज एखाद्या मुलाने वा मुलीने हाती आलेली नोकरी नाकारून दोन वर्षे स्वतःचा धंदा करून पाहतो, पाहते, असे म्हटले, तर घरावर जणू संकट कोसळते. वडिलांचा विरोध अकारण नसतो. घराचे हप्ते असतात, धाकट्या भावंडांचे शिक्षण असते. धनिकाच्या मुलास अपयश हा अनुभव ठरतो, पण सामान्य घरातील मुलास ते कर्ज ठरते. हा भेद मोडण्याचे काम दान करू शकते, किंबहुना दानाचे आजचे खरे कार्य तेच होय.

यास्तव आमची नम्र सूचना अशी की, शिष्यवृत्ती निधीस धक्का न लावता त्याच्या जोडीस एक उद्यम निधी उभारावा. रक्कम लहान असली तरी चालेल, पैसा फंडाचा आदर्श आपल्यापुढे आहेच. निवड नात्यागोत्यावर न करता योजनेच्या गुणावर व्हावी, आणि ती जाणकारांकडे सोपवावी. ज्यांचे कारखाने, दुकाने वा कचेऱ्या आहेत त्यांनी एखादी खोली आणि आठवड्यातून एक तास द्यावा. निधीचा हिशेब दरवर्षी याच अंकात छापावा, आणि ज्याचा धंदा बुडाला त्याचे नाव लपवू नये, कमीही लेखू नये.

शीळफाट्यावर रोज आपली हजारो मुले दुसऱ्यांच्या कचेऱ्यांकडे जातात. त्यांतील काहींनी तरी उद्या स्वतःच्या कारखान्याकडे वळावे. त्यांस त्या वळणावर हात देण्याचे सामर्थ्य आपल्यात आहे. प्रश्न इच्छेचा आहे, आणि त्याचे उत्तर समाजबांधवांनी व भगिनींनी येत्या वर्षातच द्यावे, एवढीच आमची विनंती.